ख नंबर सत्तेचाळीस

माझं नाक उलटं गळतं. चारचौघांचं पुढून गळतं. रुमाल काढला, पुसलं, विषय संपला. माझं मागच्या मागे घशात उतरतं, थेंब थेंब, गेली वीस वर्षं. ते पुसणार कुठून आणि कशाने? म्हणून घसा खाकरावा लागतो. "ख्रूं-हं." आधी ख्रूं, मग अर्धा क्षण थांबून हं. समोरच्याला वाटतं, बाईंना काहीतरी महत्त्वाचं बोलायचंय. मला काही बोलायचं नसतं. मला फक्त धड गिळता यायला हवं असतं.

त्यात छातीचं दुखणं आणखी वेगळं. फुप्फुसातल्या काही नळ्या जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारख्या सैल पडल्यात. त्यांत कफ साचतो, साचला की बिघडतो, बिघडला की ताप येतो. मग दोन आठवडे गोळ्या. आणि दर तापाला फुप्फुसाचा एखादा कोपरा कायमचा कामातून जातो. तो कोपरा परत मिळत नाही, हे मला डॉक्टरांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता मीच लोकांना सांगत सुटते.

काम विचाराल तर मी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहे. रंगमंचाच्या डाव्या विंगेत, मखमली पडद्याला खेटून एक लाकडी खुर्ची, खुर्चीवर मी, मांडीवर नाटकाचं पुस्तक. नट अडला तर पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, एवढंच काम. कंपनीत मला पुस्तकबाई म्हणतात. एकोणीस वर्षं मी त्या खुर्चीवर बसतेय, त्यातली अकरा वर्षं हे एकच नाटक चाललंय, आणि सांगायला अभिमान वाटतो की ह्या नाटकात मला एकदाही, एकदाही वाक्य पुरवावं लागलेलं नाही. आमची माणसं तेवढी तयारीची आहेत, असं मी सगळ्यांना ऐकवायचे.

डॉक्टर दोन. नाकवाले डॉक्टर आणि छातीवाल्या डॉक्टरीणबाई. दोघं नवरा-बायको, एकाच मजल्यावर समोरासमोर दवाखाने, मध्ये पेशंटांसाठी एकच बाकडं. आणि दोघांत अबोला. किती वर्षांचा, कशावरून, देव जाणे. एकमेकांशी जे बोलायचं ते पेशंटकरवी.

"सगळं वरून खाली येतंय," नाकवाले म्हणाले. "नाक आवरलं की छाती अर्धी आवरेल. सांगा तिकडे."

मी चार पावलं चालून तिकडे सांगितलं.

"छाती तिची तीच बिघडलीय," डॉक्टरीणबाई माझा एक्स-रे उजेडात धरून म्हणाल्या. "पण वरून भर पडतेय, हे मान्य. सांगा त्यांना, लग्नानंतर पहिल्यांदाच बरोबर बोललात."

मी परत चार पावलं. नाकवाले गालातल्या गालात हसले. "बरं. आणि विचारा, दुपारी जेवायला काय आहे?"

"अहो, मी पेशंट आहे की टपालखातं?" मी म्हटलं. पण विचारून आले. नाही म्हणवत नाही अशा वेळी.

दोघांनी मिळून, म्हणजे माझ्या पायांनी मिळून, उपचार ठरवले. सकाळ-संध्याकाळ उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. बेसिनवर वाकून बाटली एका नाकपुडीत दाबायची, पाणी दुसरीतून बाहेर. मग नाकात फवारा. मग छातीचा पंप, नळकांड्याला लावून. मग एक शिट्टीसारखं यंत्र, ज्यात स्टीलची गोळी असते. त्यात फुंकलं की गोळी थडथडते आणि छातीतला कफ सुटा होतो. मग उशा रचून डोकं खाली, पाय वर, आणि आमच्या ह्यांनी पोकळ तळव्याने पाठीवर थोपटायचं. आमचे हे जन्मभर पुस्तकबांधणी करत आले. पुस्तकाचा कणा ठोकून बसवायची सवय; त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. मोजून थोपटतात, एका बाजूला दोनशे.

"आणि खाकरायचं नाही," नाकवाले म्हणाले. "खाकरलं की घसा सुजतो, सुजला की पुन्हा खाकरावंसं वाटतं. तसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या आणि नेट लावून गिळा. सकाळी पाठ थोपटून झाली की जो कफ वर येईल तो बिनदिक्कत काढा. दिवसभर उगाच घसा खरवडायचा नाही."

डॉक्टरीणबाईंनी मात्र चष्मा काढला. "तुमच्या त्या पडद्यात किती वर्षांची धूळ आहे, ठाऊक आहे तुम्हाला? मी सरळ सांगते. ह्या वर्षात आणखी एक ताप आला, तर ती खुर्ची सोडायची. मग मी काही ऐकणार नाही. श्वास हवा की खुर्ची, एवढाच प्रश्न उरेल."

मला खुर्ची हवी होती. श्वासही हवा होता, पण खरं सांगू? श्वास मला खुर्चीवर बसण्यासाठीच हवा होता. मूलबाळ नाही, घर दोन खोल्यांचं, आमचे हे दिवसाला दहा वाक्यं बोलणार, त्यातली आठ आकडे. मला माणसांचा आवाज त्या खुर्चीत मिळतो. म्हणून मी हट्टाला पेटले. बाटली, फवारा, पंप, गोळी, दोनशे-दोनशे. एकही दिवस चुकवला नाही.

आणि तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, घशात काही नव्हतं. मी पलंगावर बसून वाट पाहिली. आलं नाही. "अहो," मी ह्यांना हाक मारली, "बंद झालं!" हे स्वयंपाकघरातून धावत आले, त्यांना वाटलं गॅस.

त्या दिवशी दुपारच्या प्रयोगाला मी डौलात खुर्चीवर बसले. पाण्याची बाटली पायाशी. पडदा उघडला, आणि सगळं वाटोळं झालं.

नाटक साधं आहे. कचेरीतल्या कारकुनाच्या चुकीने एका माणसाची मृत म्हणून नोंद होते. तो सात वर्षं कचेऱ्या झिजवतो आणि शेवटी घरी परततो, तर बायको त्याला ओळखायला तयार नाही, कारण कागद तसं सांगत नाही. हसू येतं आणि रडूही येतं, असं ते नाटक. तर त्या दिवशी पहिल्या अंकात टेलिफोन वाजायचा तो वाजला नाही. नायिका रिसीव्हरकडे बघत उभी राहिली. मग टेलिफोन वाजला तो तिने उचलून बोलायला सुरुवात केल्यावर. निळा दिवा लागायचा तो आधीच लागला, घाबरून विझला, पुन्हा लागला. नायिका वळायची त्या जागी वळली नाही आणि कपाट तिच्या नाकावर उघडलं. आणि मालक, म्हणजे आमचे मुख्य नट आणि कंपनीचे मालक, बहात्तर वर्षांचा वाघ माणूस, तिसऱ्या अंकात दारात उभे राहिले ते उभेच. तिथे एक विराम आहे. बायको कपडे घडी करतेय, वर बघत नाही, तो दारात. मग तो म्हणतो, "दार उघडंच होतं." एरवी तो विराम पाच मोजेपर्यंतचा. त्या दिवशी मी तेवीस मोजले. आमच्या ह्यांची सवय लागलीय मला. मी ओठ उघडणार इतक्यात त्यांच्या तोंडून वाक्य बाहेर पडलं, पण असं पडलं, की जणू कोणी ढकललं.

प्रयोगानंतर मेकअपच्या खोलीत सगळे एकमेकांवर तुटून पडले. नायिका म्हणाली पंखा नवीन आहे, त्याच्या घरघरीने लक्ष गेलं. कोणी म्हणालं चहा पातळ होता. दिवेवाला, ज्याला आम्ही फ्यूज म्हणतो, तो मात्र कोपऱ्यात आपली वही घेऊन रडवेला बसला होता.

"पुस्तकबाई," तो म्हणाला, "तुमचा ख कुठे गेला?"

"माझा काय?"

त्याने वही पुढे केली. पानापानावर समासात पेन्सिलीने गोल, आणि गोलात आकडे. ख नंबर एक: टेलिफोन. ख नंबर सहा: पिवळा मंद. ख नंबर बारा: निळा. शेवटचा, तिसऱ्या अंकातला, ख नंबर सत्तेचाळीस: दारावरचा झोत.

"तुम्ही घसा खाकरता ना," तो म्हणाला, "त्यावर मी दिवे लावतो. ख्रूंला हात बटणावर, हंला दाबायचं. अकरा वर्षं."

"मेल्या, पुस्तकात वाक्यं दिलीयत ना! वाक्यावर लावायचे दिवे!"

"वाक्यं लांबतात, आखडतात. तुमचा ख कधी हलला नाही."

मग एकेक बाहेर यायला लागलं. नायिका ख नंबर नऊवर वळते. पडदा ओढणारे आजोबा ख नंबर वीसला दोरीला हात घालतात. आणि कोणीतरी जुन्या परीक्षणाचं कात्रण काढलं. नाटकात एक वाक्य आहे, "हळू बोला, आतल्या खोलीत आई आहेत." बस, एवढंच, आई कधी दिसत नाही. तर त्या परीक्षकाने लिहिलं होतं: 'न दिसणाऱ्या वृद्ध आईचं अस्तित्व केवळ एका खाकरण्यातून सबंध नाटकावर पसरलेलं आहे. इतका संयत अभिनय क्वचितच ऐकायला मिळतो.' मला कोणी दाखवलं नव्हतं ते. म्हणे, कळलं तर मुद्दाम कराल. म्हणजे अकरा वर्षं मी अभिनय करत होते आणि मलाच पत्ता नव्हता. मला राग यावा की भरून यावं, ते कळेना. आधी राग आला. माझा राग नेहमी पुढे असतो.

पाचशेवा प्रयोग महिन्यावर आला होता. कंपनीने उपाय सुरू केले. फ्यूजने टेपरेकॉर्डर आणला आणि मला म्हणाला, खाकरा. आता मागितल्यावर कोणी खाकरेल? मी खाकरले, तर ते एखाद्या खोट्या पोलिसासारखं वाटलं. मग जाहिरात दिली, 'घसा खाकरणारी व्यक्ती पाहिजे, अनुभव असल्यास उत्तम.' सात जण आले. एकाने डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं होतं. एक गृहस्थ इतकं दणकून खाकरले की पुढच्या रांगेतली खुर्ची मिटली. एक बाई फार सुरेख खाकरायच्या, पण स्टेजवर बसायचं म्हटल्यावर त्यांना लाज वाटायला लागली आणि घसा लख्ख मोकळा झाला. त्या आमच्या पाया पडून गेल्या. म्हणाल्या, बारा वर्षांनी सुटले.

मग मेकअपच्या खोलीत नायिका माझ्या शेजारी येऊन बसली. तिने हात धरला तेव्हाच मला अंदाज आला. "ताई, फक्त पाचशेव्या प्रयोगापर्यंत. ते नाकाचं बंद ठेवा ना. नंतर धुवा हवं तेवढं."

"अगं, मला ताप आला तर डॉक्टरीणबाई खुर्ची सोडायला लावतील."

"आणि ख आला नाही तर कंपनी," ती म्हणाली. ती वाईट मुलगी नाही. खरं होतं ते बोलली. "मालक काही बोलणार नाहीत. पण असे आणखी दोन प्रयोग झाले, तर कोणीतरी खाकरणारं तुमच्या जागी बसवावंच लागेल."

घ्या. आजारी पडले तर डॉक्टर उठवणार, बरी झाले तर कंपनी उठवणार. असा पेच माझ्या वैऱ्यालाही नको. मी मालकांकडे पाहिलं. ते आरशासमोर खोटी मिशी काढत होते आणि आरशातूनसुद्धा माझ्याकडे बघत नव्हते.

मी बाटली फडताळात मागे सरकवली. फवारा ड्रॉवरमध्ये. ह्यांना सांगितलं, डॉक्टरांनीच आठवडाभर थांबायला सांगितलंय. खोटं बोलले, सरळ सरळ. ह्यांनी रात्री उशा रचल्या, पाहिलं मी येत नाही, आणि एकेक उचलून जागेवर ठेवल्या.

चौथ्या दिवशी ख परत आला. काय तो प्रयोग झाला! टेलिफोन, निळा, वळणं, पडदा, सगळं घड्याळासारखं. ख नंबर सत्तेचाळीसला झोत असा पडला आणि मालकांनी "दार उघडंच होतं" असं म्हटलं, की मागच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. फ्यूजने माझ्या गालाचा मुका घेतला. मी हसत होते आणि छातीत उजवीकडे खाली, माठात पाणी हलावं तसं, काहीतरी खुळखुळत होतं.

सातव्या दिवशी सकाळी कफ हिरवट आला. हे थर्मामीटर घेऊन पलंगाशी उभे. नव्याण्णव पॉइंट सहा. त्यांनी थर्मामीटर झटकला, पुन्हा लावला. नव्याण्णव पॉइंट सहा.

"शंभर म्हणजे ताप," मी म्हटलं. "हे काही ताप नाही."

हे फडताळाकडे गेले. मागे हात घालून बाटली काढली, टेबलावर ठेवली. फवारा ठेवला. पंप ठेवला. मग म्हणाले, "अकरा वर्षांत तुझं पुस्तक तीनदा नव्याने बांधलं मी. तुला बांधता येत नाही." आणि पाणी उकळायला गेले. त्यांच्या तोंडून आकड्यांशिवाय एवढं वाक्य मी लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं. मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडल्याने नाक आणखी भरलं, ते वेगळंच.

त्याच दुपारी मालक घरी आले. बिस्किटांचा पुडा घेऊन, दार लोटून, सरळ आत. आणि बघतात तर काय, मी उशांवर डोकं खाली घालून, पाय वर, हातात भांडं, आणि हे पाठीवर, "एकशे बेचाळीस, एकशे त्रेचाळीस." मालक मागे सरले.

"मारताय का हो तिला?"

"बसा," हे म्हणाले. "एकशे चव्वेचाळीस."

मालक बसले. मला खोकला आला, भांड्यात जे यायचं ते आलं, मी ते पदराने झाकलं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालकांनी मात्र मान वळवली नाही.

"हे आमच्यासाठी बंद केलं होतंत?"

"तुम्हीच तर गप्प बसलात त्या दिवशी," मी म्हटलं. खालून वर बघत भांडणं अवघड असतं, पण मी भांडले. "एकदा टेलिफोन उशिरा वाजला म्हणून माझं फुप्फुस मागितलं कंपनीने, आणि तुम्ही मिशी काढत होतात!"

"टेलिफोनचं काय घेऊन बसलात," मालक म्हणाले. "फ्यूजला सांगता येईल. दिवा बसवता येईल. ते कारण नव्हतं."

मग त्यांनी बिस्किटांचा पुडा उघडला, एक बिस्कीट हातात घेतलं आणि खाल्लं नाही.

"मला आठवत नाही हो, पुस्तकबाई. दोन वर्षं झाली. वाक्य येतं, पण त्याच्या आधी भोक पडतं. उभा असतो तिथे, दिवे तोंडावर, आणि आत काहीच नसतं. तेव्हा तुमचं ते ऐकू येतं. मग कळतं, बाई आहेत. पुस्तक उघडं आहे. आता पडलो तरी कोणीतरी धरेल. आणि मग वाक्य येतं. तुम्ही गप्प झालात आणि मला वाटलं, खुर्ची रिकामी आहे."

"अहो, मग वळून बघायचं!"

"विंगेत?" ते असे बोलले, जणू मी त्यांना कपडे उतरवायला सांगितलं होतं. आमच्या कंपनीत तेवढा एक नियम आहे, थोरल्या दिग्दर्शकांनी घातलेला. ते वारले, नियम राहिला. नटाने विंगेत बघायचं नाही. ज्याने बघितलं, त्याने पुढच्या प्रयोगापासून विंगेतच थांबायचं. मालकांनी त्यापायी दोन चांगले नट घरी बसवले होते.

"सांगायचं नाही कोणाला," ते उठत म्हणाले. "आणि नाक धुवा. माझं मी बघेन." दारात थांबून ह्यांना म्हणाले, "किती झाले?"

"एकशे चव्वेचाळीस. छप्पन्न राहिले."

"पूर्ण करा मग," मालक म्हणाले, आणि गेले. बिस्कीट तसंच बशीत राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि मला झापलं ते असं, की पलीकडून नाकवाले स्वतः उठून आले आणि थेट बायकोला म्हणाले, "अगं, पुरे." बाकड्यावरचे सगळे पेशंट उभे राहिले. शंभराच्या आत राहिलं म्हणून खुर्ची वाचली. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं की पाचशेवा प्रयोग त्या स्वतः बघणार, धूळ बघायला.

पाचशेवा प्रयोग, दुपारची वेळ, हाऊसफुल्ल. पडदा त्याआधी दोन दिवस धुऊन निघाला होता. त्याचा रंग लाल आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. फ्यूजने माझ्या खुर्चीच्या हाताला बटण बसवलं होतं, आणि दाबलं की त्याच्याकडे, पडदेवाल्या आजोबांकडे आणि पलीकडच्या विंगेत तांबडा दिवा लागायचा. अकरा वर्षांत न सुचलेलं हे काम चार तासांत झालं. तिसऱ्या रांगेत दोन्ही डॉक्टर, मध्ये एक खुर्ची मोकळी सोडून. माझा घसा कोरडा ठणठणीत.

ख नंबर एक, दाबलं, टेलिफोन वाजला. बारा, निळा. सगळं बिनचूक. मालकांनी पहिला अंक ओढला, दुसरा ओढला. मी प्रत्येक वाक्य ओठात धरून बसले होते. दोनदा त्यांच्या डोळ्यांत ते भोक मला दिसलं, दोनदा ते सावरले.

तिसरा अंक. नायिका कपडे घडी करतेय. मालक दारात. मी सत्तेचाळीस दाबलं, झोत पडला.

एक, दोन, तीन, चार, पाच.

दहा. मालकांच्या डोळ्यांत तेच भोक. मी खाकरायला गेले. ख्रूं आणायला गेले आणि काहीच आलं नाही, नुसती हवा. वीस वर्षं नको तेव्हा यायचं, हवं तेव्हा दगा दिला मेल्याने. मी वाक्य पुटपुटले. माझी कुजबूज अशी सैल नळ्यांतून येते की चार हातांपलीकडे पोचत नाही. पोचली नाही. पंधरा. नायिकेची घडी तिसऱ्यांदा झाली. वीस. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं काम आलं होतं आणि मला ते जमत नव्हतं.

मग डॉक्टरीणबाईंनी शिकवला होता तसा मी पोटापासून श्वास घेतला, तोंड मोठं उघडलं, आणि बोलले.

"दार उघडंच होतं."

सबंध थिएटरात गेलं ते. स्वच्छ, मोकळं. माझा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षं तो कफाखालीच होता. प्रेक्षागृहात एकदम सळसळ झाली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, आई बोलली!"

संपलं, मला वाटलं. खुर्ची गेली. प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांना ऐकू जाणं म्हणजे धंद्यात नाक कापलं जाणं. आणि तेवढ्यात मालकांनी मान वळवली. हळूहळू, पाचशे प्रयोगांत पहिल्यांदा, हजार माणसांसमोर, त्यांनी सरळ विंगेत पाहिलं. माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांवर झोत होता, त्यांना मी दिसत नसणार. दिव्यांच्या बटणांपाशी फ्यूजने तोंडावर हात धरला.

"आई," मालक म्हणाले. हे पुस्तकात कुठेच नाही. "आई, तू आहेस ना आत?"

बहात्तर वर्षांचा माणूस, आणि मी अठ्ठावन्नची. हसायलाच हवं होतं मला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि नाक, ते मात्र जन्मात पहिल्यांदा पुढून गळलं.

"आहे," मी म्हटलं. "इथंच बसलेय. घाबरू नकोस. म्हण, दार उघडंच होतं."

"दार उघडंच होतं," मालक म्हणाले.

आणखी चौदा वाक्यं राहिली होती. मी एकेक सांगत गेले, मोठ्याने, आणि ते माझ्यामागून म्हणत गेले, विंगेत बघत.